चोविसावं दार

१

मंगळवार आणि गुरुवार हे एमिल हावलिकचे कामाचे दिवस. डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती. पण या दोन दिवशी तो सकाळी नेमाने दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट चढवायचा, ॲडेलिनने बांधून दिलेले खसखशीचे दोन गोड पाव खिशात टाकायचा आणि चर्चच्या तळघरात जाऊन बसायचा.

तिथे एका लांबलचक टेबलावर पूर्व बॉल्टिमोरचे जुने फोटो पसरलेले असत. कुणाच्या माळ्यावरून आलेले, कुणाच्या मुलांनी घर विकताना आणून टाकलेले, काही पालिकेच्या माणसांनी गटारं खणण्याआधी काढून ठेवलेले. संगमरवरी पायऱ्यांच्या रांगा, बर्फाची गाडी, भाजीवाल्याचा घोडा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियन-विधीच्या पांढऱ्या झग्यांतल्या मुली. फोटो कुठल्या रस्त्याचा, कुठल्या सालचा, त्यात कोण कोण, हे ओळखायचं आणि मागे पेन्सिलीने लिहायचं. एवढंच काम.

समोर मिस जेराल्डीन प्रूइट बसायच्या. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला. गळ्यात भिंग अडकवलेलं. एमिल नावं सांगायचा, त्या ती सुवाच्य अक्षरात लिहायच्या.

"मिस्टर हावलिक, तुमच्या गल्लीत एक तरी आडनाव सरळ आहे का हो?"

"प्रूइट लिहायला काय, चुटकीचं काम. माणसाला जरा कष्ट पडले पाहिजेत."

त्या हसायच्या आणि गोड पावातला एक उचलायच्या. एमिलला वाटायचं, आयुष्यात आता मागण्यासारखं काही उरलेलं नाही. गुडघे बरे होते. मुलगी आयरीन तासाभराच्या अंतरावर सुखात नांदत होती. बायको घरी सूप ढवळत असेल. ज्या घरात तो जन्मला त्याच घरात म्हातारा होत होता, आणि हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे त्याला कळत होतं.

२

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी पाणीखात्याचं एक खोकं उघडलं. पहिलाच फोटो हातात घेऊन एमिल ओरडलाच, "अहो, ही तर आमची गल्ली! क्लोव्हर स्ट्रीट!"

फोटोवर साल होतं १९१२. एका टोकाला बेकरी, दुसऱ्या टोकाला गुत्ता आणि मध्ये एकाला एक चिकटलेली विटांची घरं. प्रत्येक दाराला तीन पांढऱ्या पायऱ्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही, फक्त बेकरीपासून चौथ्या दाराच्या पायरीवर एक म्हातारा पाइप घेऊन बसलेला.

"किती घरं?" मिस प्रूइटनी विचारलं. त्यांना टिपण नेटकं लागायचं.

"तेवीस. डोळे मिटून लिहा. लहानपणी वर्तमानपत्रं टाकायचो मी, तेवीस घरं आणि तेवीस शिव्या."

त्यांनी भिंग फोटोवर धरलं. ओठ हलत राहिले. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"चोवीस आहेत."

"दोनदा मोजलं असेल एखादं."

"मी चाळीस वर्षं पोरं मोजलीत, मिस्टर हावलिक. सहलीला नेलेली आणि परत आणलेली. माझी मोजणी चुकत नाही."

एमिलने भिंग घेतलं. त्याने बेकरीकडून मोजलं, गुत्त्याकडून मोजलं. चोवीस. एखादं घर नंतर पाडलं असेल म्हणावं, तर दोन्ही टोकं आजही तिथेच होती, आणि एकाला एक भिंत लावून बांधलेल्या रांगेतून मधलंच घर काढायचं कसं? तोंडातून दात पडावा तशी फट राहिली असती. फट कुठेच नव्हती.

"कॅमेऱ्याची करामत असेल," तो म्हणाला.

"असेल," मिस प्रूइट म्हणाल्या, आणि त्यांनी मागे लिहिलं : घरं २४.

३

गोष्ट तिथेच सुटली असती. पण माणसाच्या डोळ्यांना एकदा खोड लागली की लागली. पुढच्या दोन आठवड्यांत एमिलने टेबलावरचे क्लोव्हर स्ट्रीटचे सगळे फोटो वेगळे काढले. बहुतेकांत दोन-चार दारंच दिसत होती. अख्खी रांग दिसेल असे आणखी तीन सापडले. १९३८, १९५१ आणि एक रंगीत, चर्चच्या जत्रेचा, १९७४चा.

तिन्हींत दारं चोवीस.

जास्तीचं दार कोणतं, हे शोधायला त्याला फार वेळ लागला नाही, कारण बाकी तेवीस दारं त्याला पाठ होती. १९१२ मध्ये ते बेकरीपासून चौथं होतं. १९३८ मध्ये नववं. १९५१ मध्ये पंधराव्या जागी. आणि रंगीत फोटोत अठरावं, म्हणजे शेजारच्या ऑटो माखाचेकच्या अलीकडे. ऑटोनंतर एमिलचं घर.

त्या दाराच्या पायऱ्या नेहमी ओल्या दिसत, नुकत्या घासल्यासारख्या. आणि पायरीवर नेहमी कुणीतरी बसलेलं. १९३८ मध्ये हातात हात घेतलेल्या दोन बहिणी. १९५१ मध्ये मिसेस झेलिंका.

"मी ओळखतो यांना," एमिल म्हणाला. "नवऱ्याला घेऊन ओहायोला गेल्या. म्हणजे, लोक तसं म्हणायचे. निरोप घेऊन गेल्या नाहीत. आईने नाताळचं कार्ड पाठवलं, ते परत आलं."

"आणि हे?" मिस प्रूइटनी रंगीत फोटोवर बोट ठेवलं.

पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला माणूस पायरीवर पाय पसरून बसला होता. बेनी शिमेक. एमिलबरोबर कारखान्यात होता. एका सोमवारी आला नाही. सगळे म्हणाले, फ्लोरिडाला गेला, नशीबवान लेकाचा.

"तुमच्या एक लक्षात आलं का?" मिस प्रूइट सावकाश म्हणाल्या. "जुन्या फोटोंतली माणसं कशी असतात? कपाळाला आठ्या, डोळे बारीक, कधी एकदा संपतंय अशी. या सगळ्यांचे चेहरे बघा. पोटभर जेवून उन्हाला बसलेल्या मांजरासारखे आहेत."

एमिलने फोटो उलटा ठेवला. त्या दिवशी त्याचा पाव तसाच राहिला.

४

रांगेतल्या घरात राहणाऱ्या माणसाला शेजाऱ्याचं आयुष्य कानाने माहीत असतं. ऑटोचा खोकला, ऑटोच्या जिन्याची करकरणारी चौथी पायरी, आणि संध्याकाळी बेसबॉलचा सामना असला की ऑटोचा रेडिओ. तो ठार बहिरा होत चालला होता, त्यामुळे एमिलला स्वतःचा रेडिओ कधी लावावाच लागला नव्हता. भिंतीला खुर्ची लावून तो ऑटोच्या रेडिओवर सामना ऐकायचा.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो असाच बसला होता. जेवण झालं होतं, बाहेर अजून उजेड होता. सामना सुरू झाला आणि त्याला धावसंख्या कळेना. त्याने कान भिंतीला लावला. रेडिओ चालू होता, पण दुरून येत होता. हळू नव्हे, दूर. ऑटोने आवाज कमी केला असता तर शब्द बारीक झाले असते. हे शब्द मोठ्याने बोललेलेच होते, फक्त मध्ये काहीतरी होतं. एका घराएवढं काहीतरी.

मग त्या मधल्या जागेत, भिंतीला अगदी लागून, कुणीतरी खुर्ची सरकवली.

एमिल उठला. बाहेर जाऊन त्याने ऑटोचं दार ठोठावलं. ऑटोचं दार त्याच्या दाराशेजारीच होतं, आठ पावलांवर, नेहमीसारखं. दार उघडताच सामना कानावर आदळला.

"आत ये की!" ऑटो ओरडला. "रेडिओचा त्रास होतोय का? कमी करू?"

"नको, नको," एमिल म्हणाला. "वाढवता येतो का बघ."

ऑटोने त्याच्याकडे वेडा झालास का अशा नजरेने पाहिलं. घरी परतताना एमिलने स्वतःची समजूत घातली : तू सहासष्ट वर्षांचा आहेस. बहिरा व्हायची पाळी आता तुझी. दुसरं काही नाही.

५

ॲडेलिनला त्याने सगळं सांगितलं ते ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी, स्वयंपाकघरात. ती पिठात बटाटे मळत होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग कोपराने कपाळावरचे केस मागे सारले.

"सेहेचाळीस वर्षं मी या गल्लीत दर शनिवारी गुडघ्यांवर बसून पायऱ्या घासतेय. एक दार जास्त असतं, तर आधी माझ्या गुडघ्यांना कळलं असतं."

"हसू नकोस, ॲडेल."

"मग काय रडू? त्या मास्तरीणबाईंना आणि तुला दुसरा उद्योग नाही." ती पुन्हा मळायला लागली, मग थांबली. "पण एक सांगू? असेल एखादं घर तर असू दे. या गल्लीत माणसं सुखात राहिली. आपण राहिलोच ना? मला तर कालच वाटत होतं, आता काही म्हणजे काहीच नको. असंच उन्हात बसून राहावं."

ती हे बोलली तेव्हा तिचा चेहरा इतका शांत होता, की एरवी एमिलने उठून तिचा मुका घेतला असता. आज तो जागचा उठला नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी बादलीत पाणी ओतत होतं.

"ऐकलंस?"

"ऑटो भांडी धुतोय," ती म्हणाली.

ऑटो शुक्रवारी दुपारी बहिणीकडे जेवायला जायचा. हे दोघांनाही माहीत होतं.

६

दुसऱ्या दिवशी शनिवार. स्वच्छ ऊन पडलं होतं. ॲडेलिन बादली, ब्रश आणि घासायचा दगड घेऊन बाहेर गेली. एमिल आत कॉफी पीत बसला.

तिच्या ब्रशचा ठेका त्याच्या अंगात भिनलेला होता. दोन लांब फटकारे, एक आखूड. वरची पायरी, मधली, खालची, मग उरलेलं पाणी रस्त्याकडेला ओतल्याचा आवाज, मग दार. इतकी वर्षं याच क्रमाने. एमिल ऐकत होता. वरची झाली. मधली झाली. खालची झाली.

पाणी ओतल्याचा आवाज आला नाही. ब्रश पुन्हा सुरू झाला. दोन लांब, एक आखूड.

चौथी पायरी.

त्याने कप खाली ठेवला. तो पुढच्या खोलीत आला. खिडकीच्या जाळीवर ॲडेलिनच्या वडिलांनी लाल छपराचं घर आणि तळ्यातली बदकं रंगवलेली होती. बाहेरच्याला फक्त चित्र दिसायचं, आतून मात्र रस्ता स्वच्छ दिसे. एमिलने गाल जाळीला टेकवून ऑटोच्या बाजूला पाहिलं. खिडकीच्या कडेला ऑटोच्या दारावरचं हिरवं ताडपत्रीचं छप्पर दिसायला हवं होतं. ते होतं, पण पलीकडे, लांब. मध्ये विटा होत्या. तीन पांढऱ्या ओल्या पायऱ्या होत्या. एक दार होतं, उघडं.

तो मोज्यांवरच बाहेर धावला.

ॲडेलिनचं घासून झालं होतं. ती मधल्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर, ऊन तोंडावर घेत. बादली शेजारी. बादलीतल्या पाण्यातून वाफ येत होती.

"ॲडेल, ऊठ."

"बस ना थोडा वेळ," ती म्हणाली. "पाणी अजून गरम आहे."

त्याने तिचा दंड धरून ओढलं. ती मुळीच जड बाई नव्हती. तरी ती हलली नाही. विरोधही केला नाही. पायरीतला दगड जसा पायरीत असतो, तशी ती तिथे होती. त्याने दोन्ही हात लावले. ती फक्त हसली, आणि ते हसू त्याने चार फोटोंत पाहिलेलं होतं.

दाराकडे पाहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. तरी नजर गेली. आत अरुंद बोळ होता, त्याच्याच घरासारखा. साबणाचा आणि कॉफीचा वास. बोळाच्या दोन्ही भिंतींना स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्च्या ओळीने लावलेल्या, आणि त्यांवर माणसं बसलेली, खांद्याला खांदा लावून, हात गुडघ्यांवर. दाराजवळच पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. कुणी हाक मारली नाही. कुणी खूण केली नाही. सगळे आपले तृप्तपणे समोर बघत होते. आणि मग, आगगाडीत नवीन माणूस आला की सरकतात तसे, सगळे एकदम थोडे थोडे सरकले.

दाराजवळ जागा झाली. दोन खुर्च्यांची.

एमिललाही त्या क्षणी वाटलं, की बसावं. काय हरकत आहे? काहीच तर नकोय आता. ऊन किती छान आहे. त्याचे गुडघे आपोआप वाकायला लागले, आणि तेवढ्यात त्याला कळलं, की एकच उपाय आहे. तो उपाय पस्तीस वर्षं त्याच्या छातीत पुरलेला होता. तो आपल्याबरोबरच कबरीत जावा, अशी त्याची इच्छा होती.

"ॲडेल," तो म्हणाला. "व्लास्ताने तुला पत्र लिहिलं होतं."

व्लास्ता ही ॲडेलिनची थोरली बहीण. आईच्या मृत्यूनंतर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. १९५७ मध्ये ती क्लीव्हलँडला वारली, अबोला न तोडता.

"मरायच्या अकरा दिवस आधी. एकदा ये म्हणाली होती. तुला बघायचंय, चूक माझी होती, असं लिहिलं होतं. पोस्टमनने पत्र माझ्या हातात दिलं. मी वाचलं आणि शेगडीत टाकलं."

आयरीन तेव्हा पोटात होती, आठवा महिना, त्याआधीची दोन बाळं जगली नव्हती. प्रवासात याही वेळी काही झालं तर, या भीतीने त्याने ते केलं होतं. बाळंतपणानंतर सांगू म्हणून थांबला, आणि मधेच व्लास्ता गेल्याची तार आली. यातलं एक अक्षरही त्याने आत्ता उच्चारलं नाही. कारण सांगितलं की राग निम्मा होतो.

ॲडेलिनच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं. मग त्याची एक कड निसटली.

"तिने बोलावलं होतं मला?"

"हो."

"आणि मी म्हणत राहिले, की माझी बहीण मला न आठवता मेली. तुझ्यासमोर म्हणत राहिले. दर वर्षी."

"हो."

ती उठली. अशी उठली, की एमिल मागे कोलमडला. तिने हातातला ओला ब्रश सगळ्या ताकदीने त्याच्या तोंडावर मारला, एकदा, दोनदा, आणि मातृभाषेत असं काही ओरडली की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. तो मार खात मागे सरकत राहिला, फुटपाथवर, आपल्या दारासमोर, आणि तीही ब्रश उगारून त्याच्या मागे आली.

"काय चाललंय काय?" ऑटोचा आवाज आला. "मला ऐकू आलं, म्हणजे अख्ख्या शहराला ऐकू गेलं असेल!"

ऑटो बनियनवर आपल्या दारात उभा होता, हिरव्या छपराखाली, आठ पावलांवर. मध्ये काही नव्हतं. विटेला वीट लागलेली होती.

बादली मात्र नंतर कुठेच सापडली नाही.

७

ॲडेलिन त्याच दुपारी आयरीनकडे निघून गेली. हिवाळाभर एमिल एकटा राहिला. त्याने फोन केला की आयरीन उचलायची आणि म्हणायची, "बाबा, ती नाही बोलणार." तो डबाबंद सूप गरम करून प्यायचा, रिकाम्या पलंगाकडे पाठ करून झोपायचा. भिंतीपलीकडे ऑटो खोकायचा, अगदी कानाशी खोकल्यासारखा. एमिलइतका दुःखी माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता, आणि तो सुरक्षित होता.

मिस प्रूइटना त्याने सांगितलं. मग त्यांनी चारही फोटो एका पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं आणि वर लिहिलं : जागा निश्चित नाही.

"मी कधी कुठल्या मुलाला नापास करताना इतका विचार केला नव्हता," त्या म्हणाल्या आणि आपलं अर्धं सँडविच त्याच्यापुढे सरकवलं.

मार्चमध्ये एका दुपारी तो घरी आला, तर दाराला कुलूप नव्हतं. ॲडेलिन स्वयंपाकघरात होती. कोट खुर्चीवर टाकलेला, बाह्या वर सारलेल्या. टेबलावर बटाट्यांचा ढीग.

"मी क्लीव्हलँडला जाऊन आले," ती वळून न बघता म्हणाली. "तिच्या कबरीवर. आयरीनने नेलं. जे बोलायचं ते बोलले."

एमिल दारातच उभा राहिला. "ॲडेल, त्या वेळी आयरीन पोटात होती, मला वाटलं—"

"ते मला कळलंय. मी महिने मोजलेत." ती त्याच्याकडे वळली. डोळे कोरडे होते. "कळलंय, पण माफ केलेलं नाही. करणारही नाही."

"मी तसं म्हणतच नाही. पण कधीतरी—"

"कधीच नाही. ऐक नीट." तिने आवाज खाली आणला. भिंतीपलीकडे ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलावं तसा. "त्या खुर्च्या मलाही दिसल्या होत्या, एमिल. दोन होत्या. मी तुला माफ केलं, तर आपण पुन्हा सुखी होऊ. पहिल्यासारखे. आणि मला अजून बरीच वर्षं याच घरात काढायचीत, तुझ्याबरोबर. तेव्हा माफी मागू नकोस आणि मिळायची वाट बघू नकोस. समजलं?"

सेहेचाळीस वर्षांत तिने त्याला इतकं गोड काही म्हटलं नव्हतं.

"समजलं," तो म्हणाला.

"मग उभा काय राहिलास ठोंब्यासारखा? बटाटे सोल."

एमिलने सुरी घेतली, तिच्या समोरची खुर्ची ओढली आणि सोलायला बसला. चेहरा जितका आंबट ठेवता येईल तितका त्याने ठेवला.